व्हर्च्युअल मशीन डोमेनला जॉईन न होणं

व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही या एका कॉम्प्युटरमधे दुसरं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं विंडोज मशीन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनमधे (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशीनच्या गटात) घेताना डोमेन कंट्रोलर (तो गट सांभाळणारा सर्व्हर) सापडत नाही असा एरर येतो, तो का येतो आणि कुठून शोधायचं त्याची ही नोंद. मुंबईत नेटवर्किंग शिकणारी पोरं लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपमधे रॅम वाढवून घरीच लॅब लावतात, एक सर्व्हर एक क्लायंट, आणि हमखास इथेच अडकतात.

बहुतेक वेळा घोळ डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा असतो. क्लायंट डोमेन कंट्रोलरला डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीवरून) शोधतो आणि तो रेकॉर्ड फक्त तुमच्या आतल्या डीएनएसकडे असतो, गूगलच्या ८.८.८.८ या बाहेरच्या डीएनएसला तुमचं लॅब.लोकलसारखं डोमेन कुठून माहीत असणार, तो सरळ असं नावच नाही म्हणून सांगतो. म्हणून क्लायंटवर इंटरनेट मस्त चालतंय याचा इथे काडीचा उपयोग नाही. क्लायंटच्या डीएनएसमधे फक्त डोमेन कंट्रोलरचा आयपी टाकायचा, दुसऱ्या रकान्यातही ८.८.८.८ नको. बाहेरचं नेट हवं असेल तर सर्व्हरच्या डीएनएसमधे फॉरवर्डर (बाहेरच्या नावांची विचारणा पुढे पाठवणारी सोय) लावा, ती त्याची खरी जागा. मग एनएसलुकअप या कमांडने डोमेनचं पूर्ण नाव विचारून बघा, सर्व्हरचा आयपी आला तर पुढे.

त्याआधी दोन्ही मशीन एकमेकांना दिसतात का ते बघायला हवं. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅट मोडमधे प्रत्येक मशीन वेगळ्या नेटवर्कमधे असतं, दोघांनाही १०.०.२.१५ मिळतो, हा आकडा दोन्हीकडे दिसला की समजायचं ती कधीच भेटणार नाहीत. इंटर्नल नेटवर्क, होस्ट-ओन्ली किंवा नॅट नेटवर्क वापरा. ब्रिज मोड (मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा) चालतो, पण कॉलेजच्या वायफायवर बऱ्याचदा एका मशीनला दुसरं दिसूच देत नाहीत. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आला तर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही.

पिंगला (दुसरं मशीन उत्तर देतं का बघणाऱ्या कमांडला) उत्तर आलं म्हणजे झालं असंही नाही, कारण जॉईनला ५३, ८८, १३५, ३८९, ४४५ आणि वरच्या आकड्यांचे आरपीसी (दुसऱ्या मशीनकडून काम करवून घ्यायच्या पद्धतीचे) पोर्ट लागतात, फायरवॉलने त्यातला एखादा अडवला तरी काम थांबतं. पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने एकेक पोर्ट तपासता येतो.

वेळेकडे मात्र कोणी बघत नाही आणि आपल्याकडे हे फार होतं. नवीन विंडोजचा टाईमझोन बऱ्याचदा अमेरिकेतला पॅसिफिक असतो, लोक तो न बदलता फक्त घड्याळ हाताने भारतीय वेळेवर आणतात, मग दिसायला वेळ बरोबर पण आतली यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) कित्येक तास पुढे. डोमेनमधे ओळख तपासणारी केर्बेरॉस ही पद्धत दोन मशीनच्या वेळेत डीफॉल्टला ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. आधी झोन बदला, मग वेळ.

विंडोज होम एडिशन डोमेनला जॉईन होतच नाही, तिथे नेटवर्क तपासत बसू नका. क्लोन केलेल्या मशीनवर सिसप्रेप (विंडोजची जुनी ओळख पुसणारं टूल) चालवा आणि नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस नवीन घ्या. एवढं करूनही अडलं तर सी ड्राईव्हवर विंडोजच्या डीबग फोल्डरमधली नेटसेटअप लॉग फाईल उघडा, जॉईन नेमकं कुठल्या पायरीवर तुटलं ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं.