बंद खनिज मिल आणि पावसाळ्याचं पाणी

बडोद्याच्या पूर्वेला, छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगरच्या डोंगरांत फ्लोरस्पार सापडतं. 2013 पर्यंत हा भाग बडोदे जिल्ह्यातच होता. पोलादाच्या भट्टीत आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवायला हे खनिज लागतं. पण दगडात ते कॅल्साइटसारख्या खनिजांत मिसळलेलं असतं, म्हणून दगड पिठासारखा दळून पाण्यात घोळतात आणि फेसावर तरंगवून फ्लोरस्पार वेगळं काढतात. अशी मिल बंद पडली की तिथल्या पाण्याचं काय करायचं? पुढचे हिशेब उदाहरणादाखल आहेत, ते कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत.

चालू मिल पाणी पिते. काही पाणी ओल्या मालाबरोबर जातं, बरंच टेलिंग्जच्या, म्हणजे फ्लोरस्पार काढून उरलेल्या दगडाच्या पिठाच्या, गाळात अडकतं, उरलेलं पंपाने पुन्हा दळणाला येतं. मिल थांबली की हा खप संपतो, पाऊस मात्र त्याच छपरांवर आणि त्याच आवारात पडत राहतो. चालू असताना पुरणारं तळं बंद मिलला अपुरं पडतं ते यामुळे.

1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटरचा एक टँकर. आवार 6 हेक्टर, दिवसभरात 100 मिमी पाऊस, त्यातला 60 टक्के वाहून आला, तर 3,600 घनमीटर. वरच्या डोंगराची 20 हेक्टर उतरण आवारात उतरत असेल आणि तिथून 40 टक्के पाणी आलं, तर आणखी 8,000. म्हणजे तळ्यात येणाऱ्या पाण्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त पाणी मुळात स्वच्छ होतं; आवाराला शिवलं म्हणून ते घाण झालं. शुद्धीकरणावर खर्च करण्याआधी हे पाणी बाहेरच्या बाहेर वळवावं. एवढी फायद्याची दुसरी कोणतीच गोष्ट या कामात नाही.

त्यासाठी आवाराच्या वरच्या अंगाने गारलँड ड्रेन, म्हणजे आवाराला वळसा घालणारा चर, काढतात. तासाला 60 मिमीची सर धरली तर 20 हेक्टरवरून, त्याच 40 टक्क्यांच्या हिशेबाने, सेकंदाला सुमारे 1.3 घनमीटर पाणी येतं. तळाशी 0.6 मीटर रुंद, 0.6 मीटर खोल पाणी आणि दीडास एक उताराच्या बाजू असलेल्या चरातून ते सेकंदाला दीड मीटर वेगाने निघून जातं, वर 0.3 मीटर फ्रीबोर्ड, म्हणजे मोकळा काठ, ठेवावा. या वेगाला मुरूम टिकत नाही, म्हणून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, हवंच. चर फुटतो तो बहुधा वळणावर किंवा रस्त्याखालच्या पाइपच्या तोंडाशी, कारण तिथे पालापाचोळा अडकतो. 31 जुलै 2019 ला बडोद्यात सुमारे 500 मिमी पाऊस झाला, तसा इथे झाला तर एकट्या आवारावर 3,000 टँकर पाणी पडेल. तेवढं आवारातलं तळं बहुधा साठवणार नाही, म्हणून पाळ फुटू न देणारा सांडवा लागतोच.

आवारातल्या टाक्या पावसाआधी रिकाम्या करायच्या, पण जमिनीखालच्या टाकीबाबत घाई करू नये. भूजल वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि तिचे सांधे तुटतात. थिकनरमधला, म्हणजे गाळ दाट करणाऱ्या टाकीतला, गाळ मिल बंद होतानाच काढून टाकावा. तो तसाच घट्ट बसला तर तळाचा गाळ ओढणारा फिरता रेक अडकतो, आणि पुढे पावसाचं पाणी काठावरून गाळ घेऊन बाहेर पडतं. रसायनांची पिंपं आणि पोती छपराखाली, जमिनीपासून उंच ठेवावीत.

गाळतळ्यात एक गोष्ट फसवते. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तासाला सुमारे 30 सेंमी खाली जातो, 2 मायक्रॉनचा कण दिवसभरात तेवढाच. शिवाय फ्लोटेशनच्या, म्हणजे फेसावर तरंगवण्याच्या, वेळी कण सुटे राहावेत म्हणून सोडियम सिलिकेट घातलेलं असतं. तेच आता उलटतं: बारीक कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाणी आठवडेच्या आठवडे दुधासारखं राहतं. तळं मोठं करून उपयोग नाही; तुरटी किंवा कॅल्शियमचा क्षार लागतो, आणि मात्रा बरण्यांत चाचणी घेऊन ठरवावी.

खरा प्रश्न फ्लोराइडचा आहे. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड; ते पाण्यात लिटरमागे सुमारे 16 मिग्रॅ विरघळतं, त्यातून फ्लोराइड 8 मिग्रॅच्या आसपास येतं. मिलच्या पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश उरलेला असेल तर पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसतं आणि फ्लोराइड आणखी चढतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा 2 मिग्रॅ आहे, पिण्याच्या पाण्याला 1, आणि दुसरी सोय नसेल तिथे 1.5. नुसत्या चुन्याने फ्लोराइड सहसा 8–10 मिग्रॅच्या खाली जात नाही. पुढचं काम तुरटीचं; नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेची, पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत याच तत्त्वावर चालते. चुन्यानंतर सामू (पीएच) 6 ते 7 वर आणला नाही तर मात्र तुरटी वाया जाते आणि पाण्यात अ‍ॅल्युमिनियम वाढतं ते वेगळंच.

टेलिंग्जच्या बांधाखालचा पाझर 90 अंशांच्या व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या फळीवर, मोजावा. खाचेवर पाणी 5 सेंमी असेल तर सेकंदाला 0.8 लिटर, 10 सेंमी असेल तर 4.4 लिटर. पाझर थोडा जरी गढूळ झाला, तर बांधाची माती आतून निघते आहे; त्या दिवशी बाकी सगळं सोडून अभियंत्याला बोलवावं. बांधावर बाभूळ वाढू देऊ नये, घुशींची बिळं बुजवावीत. तळ्याचं पाणी बांधापासून जितकं दूर तितकं बरं.

3,600 घनमीटर पाणी पाच दिवसांत उपसायचं तर ताशी 30 घनमीटरचा पंप अखंड चालला पाहिजे. मिल बंद झाल्यावर वीजजोडणी कमी केलेली असते आणि मोठ्या पावसात नेमकी वीज जाते, म्हणून डिझेल पंप मे महिन्यातच चालवून पाहावा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या शोषनळीच्या टोकाची झडप, जाळीच्या टोपलीत, गाळाच्या अर्धा मीटर वर टांगावा.

पहिल्या सरींबरोबर उन्हाळाभर साचलेली धूळ आणि क्षारांचे पापुद्रे उतरतात. ते पाणी तपासल्याशिवाय सोडू नये. फ्लोराइडचा नमुना काचेच्या नव्हे, पॉलिथिनच्या बाटलीत घ्यावा. खालच्या गावातल्या विहिरींचे नमुने मे महिन्यातच घ्यावेत. पाऊस होऊन गेल्यावर त्यातलं आधीचं फ्लोराइड किती आणि मिलमधून आलेलं किती, हे कुणालाच सांगता येत नाही.