सुजलेला पंजा आणि चिकातलं प्रथिन

उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात कॅराजिनन टोचलं की तीन ते पाच तासांत पंजा टरारून सुजतो. कॅराजिनन मिळतं लाल समुद्री शेवाळापासून. आइस्क्रीममध्येही ते घालतात. १९६२ सालापासून दाहशामक औषधांची प्राथमिक परीक्षा याच सुजेवर होते.

सूज मोजायची रीत साधी आहे. घोट्यावर शाईची खूण करायची, पंजा खुणेपर्यंत नळीतल्या पाण्यात बुडवायचा आणि किती पाणी सरकलं ते वाचायचं. खूण जरा वरखाली झाली की आकडा फसवा! म्हणून कोणत्या उंदराला काय दिलंय, हे मोजणाऱ्याला माहीत नसलेलंच बरं.

आता लॅक्टोफेरिन घ्या. दुधातलं हे प्रथिन लोह धरून ठेवतं. चिकात ते दुधापेक्षा कित्येक पट जास्त असतं. जिवाणूंच्या आवरणातल्या दाह भडकवणाऱ्या एंडोटॉक्सिनलाही ते चिकटतं. मग याने सूज उतरते का?

एका गटाला नुसतं सलाइन, दुसऱ्याला इंडोमेथासिन हे जुनं दाहशामक औषध, तिसऱ्याला लॅक्टोफेरिन. बरेच जण इथेच थांबतात. मला विचाराल तर खरा कस चौथ्या गटात लागतो: तेवढ्याच मात्रेत दुसरं एखादं प्रथिन, किंवा उकळून घडी मोडलेलं लॅक्टोफेरिन. वाफवल्यावर चिकाचा खरवस होतो, तसंच हे. रेणू तेच, रचना बिघडलेली. त्यानेही सूज तितकीच उतरली, तर श्रेय त्या रचनेला देता येत नाही.

आणखी एक मेख आहे. लॅक्टोफेरिनवर धन विद्युतभार, कॅराजिननवर ऋण. दोन्ही एकाच पंजात टोचली तर ती एकमेकांनाच बिलगू शकतात आणि त्यामुळेच सूज कमी दिसू शकते. म्हणून प्रथिन तोंडावाटे किंवा दुसऱ्या जागी टोचून द्यावं लागतं. शिवाय नमुन्यात एंडोटॉक्सिनची भेसळ नाही ना, हेही आधी तपासायचं. सुजलेला पंजा दुखतो, त्यामुळे भारतात अशा प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. उंदीर किती वापरणार, याचंही कारण द्यावं लागतं.

उंदरांत सूज उतरली, तरी माणसाचा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये २,२०३ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. तिथे मोजला होता जंतुसंसर्ग, सूज नव्हे. गायीचं लॅक्टोफेरिन दिलेल्या बाळांपैकी २९ टक्क्यांना संसर्ग झाला, न दिलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना. एवढ्या फरकाला संख्याशास्त्र फरक मानत नाही.