‘झोपी गेले’ की ‘ख्रिस्तवासी’: न्यायाच्या दिवसाची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत जुन्या दगडांवर ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असं कोरलेलं वाचायला मिळतं, नव्या ग्रॅनाइटवर बहुधा ‘ख्रिस्तवासी’. कधी कधी एकाच घरातले आजोबा झोपलेले आणि नातू ख्रिस्तवासी. कुणाला काही खटकत नाही. पण झोपलेला माणूस न्यायाच्या दिवशीचा शेवटचा कर्णा वाजेपर्यंत उठायचा नाही आणि ख्रिस्तवासी तर आधीच पोचलेला. मग शेवटच्या दिवशी त्याचा न्याय कसला?

‘ख्रिस्तवासी’ हा शब्द उघडच कैलासवासी-वैकुंठवासीच्या वळणाचा. म्हणून तो चुकीचा ठरत नाही, कारण बायबलच्या नव्या करारातच दोन्ही सूर आहेत. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात ‘झोपी गेलेले’ आहेत, तर फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात येथून सुटून ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ. 381 सालच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल एवढं आहे. मधल्या काळात आत्मा कुठे असतो, यावर तो गप्प.

हे मौन मोडलं 1331 मध्ये. फ्रान्समधल्या अ‍ॅव्हिन्यों इथून कारभार करणाऱ्या तेव्हाच्या पोपनी प्रवचनात सांगितलं, की संतांनासुद्धा देवाचं पूर्ण दर्शन न्यायाच्या दिवसानंतरच. एकच गहजब झाला. संत अजून दारातच उभे असतील, तर त्यांच्याकडे मध्यस्थी कुणी मागायची? पॅरिसचे पंडित विरोधात गेले, फ्रान्सचा राजाही त्यात पडला. पोपनी 1334 मध्ये मरणशय्येवर शब्द मागे घेतले आणि 1336 मध्ये त्यांच्या वारसाने निकाल दिला: शुद्ध आत्म्यांना दर्शन लगेच. शेवटचा न्याय मात्र कायम राहिला. म्हणजे सुनावण्या दोन, एक मरताच ज्याची त्याची, दुसरी सगळ्यांची मिळून. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या माणसाला हे चटकन समजतं. माझ्या मते या निकालाने प्रश्न सुटला नाही, नुसता दोन तारखांत विभागला गेला.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी पोपला झुगारलं, तरी हा वाद त्यांच्या घरात शिरलाच. जर्मनीतला सुधारक ल्यूथर झोपेच्या बाजूला झुकलेला, तर जिनिव्हातल्या कॅल्विनने त्या मताविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. 1640 च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेल्या प्रोटेस्टंट विश्वासांगीकारात साफ म्हटलं आहे, की आत्मा मरत नाही आणि झोपतही नाही. गंमत म्हणजे सांगलीत 1884 पासून आणि पुढे मिरजेत काम करणारं मिशन याच परंपरेतलं. तरीही दगडावर ‘झोपी गेले’! जुनी माणसं समजावायची, अरे, शरीर झोपतं, आत्मा नाही.

खरी कसरत आहे ती येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेल्या वचनात. ‘मी तुला खचित सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं जवळजवळ नव्हतीच. आत्मा झोपतो असं मानणारे ‘आज’ हा शब्द अलीकडे ओढतात: ‘मी तुला आज खचित सांगतो’. इंग्रजीत एवढ्यासाठी स्वल्पविराम सरकवला की भागतं. मराठीत शब्दच उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो, त्यामुळे चलाखी लपत नाही.

सातारा-वाईकडे अमेरिकन मिशनरी सांगलीच्याही आधी, 1850 च्या आसपास आले. शाळा-सुवार्तेने जग सुधारत जाईल आणि मग प्रभू येईल, अशी त्या पिढीतल्या अनेकांची समजूत होती. त्याच शतकात, 1830 च्या दशकात, ब्रिटन-आयर्लंडमध्ये उलटा विचार पुढे आला: जग बिघडतच जाणार आणि मोठ्या संकटाआधी मंडळी, म्हणजे खरे विश्वासणारे, गुपचूप स्वर्गात वर घेतली जाणार. 1909 मध्ये अमेरिकेत निघालेल्या टीपांच्या बायबलने तो दूरवर नेला. तोच आता मोबाइलवरून घराघरात पोचतो. 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला भिडलं, तेव्हा अंतकाळाची चिन्हं सांगणारे व्हिडिओ माझ्याकडे आले. करोनात लस म्हणजे श्वापदाची खूण, म्हणजे बायबलातल्या अंतकाळच्या सैतानी सत्तेचा शिक्का, असेही आले. मरताच काय होतं, या जुन्या प्रश्नाला त्यांत जागा नव्हती.

दगडावरचा शब्द कसा बदलला, हे मी एका पाथरवटाला विचारलं. तो म्हणाला, “दादा, आम्ही अक्षरावर पैसे घेतो. ख्रिस्तवासी स्वस्तात बसतं.”