धाब्यापासून स्लॅबपर्यंत: गावातल्या घराचा कार्बन आला कुठून?

घरांचं आणि व्यापारी इमारतींचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात काचेचे टॉवर आणि मॉल. भारतातले कायदेही तिथूनच सुरू झाले. विदर्भाच्या खेड्यातलं घर मात्र त्या हिशेबात फार उशिरा आलं, आणि अजून नीटसं आलेलं नाही.

इमारतीचा कार्बन दोन वाटांनी येतो: बांधताना सिमेंट, लोखंड आणि भाजलेल्या विटेतून, राहताना चूल, दिवा, पंखा आणि कुलरमधून. आपल्याकडे पहिली वाट जवळपास नव्हतीच. अकोला-बुलडाण्याकडे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, भंडारा-गडचिरोलीकडे कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. धाब्याच्या घराला पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, लाकडांवर काड्या अंथरून त्यावर मातीचा थर. मे महिन्यातल्या दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. हे कोणी पृथ्वीसाठी केलं नव्हतं. हाताशी होतं ते वापरलं. त्रासही होताच. दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाका, उधईशी (वाळवीशी) झगडा, आणि झड लागली की भिंत बसायची धास्ती. मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्याने एक झड तरी त्यात काढून पाहावी.

हे दुखणं जाणून त्यावर काम करणारी माणसं वर्ध्यात होती. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली वर्ध्यातल्या मगनवाडीतून त्याचं काम चाललं. 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. तिथल्या कुटी माती, बांबू आणि कवेलूंच्याच. धूर कमी करणारी मगन चूल 1947 ची. पुढे 1976 मध्ये गांधीवादी कार्यकर्ते देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. त्यांच्या कामातलं गुना कवेलूचं छत मुद्दाम सांगण्यासारखं आहे. कुंभाराने चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक बसवत कमान उभी करायची. अशा कमानी शेजारी शेजारी लावल्या की छत तयार. लाकूड नको, सळई नको, आणि पैसा गावातल्या कुंभाराकडे जातो.

ते छत गावोगाव का पोचलं नाही? कारण बरंचसं सरकारी व्याख्येत आहे. 1985 मध्ये इंदिरा आवास योजना आली, 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणने घेतली. लाभार्थी ठरवताना ‘कच्ची भिंत, कच्चं छत’ हा निकष, आणि माती म्हणजे कच्ची. सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये अनुदान, किमान 25 चौरस मीटर जागा, हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे. अशा हिशेबात गवंडी, दुकानदार आणि घरमालक सगळ्यांनाच ओळखीची वाट म्हणजे वीट-सिमेंट, आणि जमलं तर स्लॅब; पैसे पुरले नाहीत तर टिन. ग्रामविकास मंत्रालयाने स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने ‘पहल’ नावाने काढले खरे, पण गावात ‘पक्कं’ म्हणजे स्लॅबच. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. गळणाऱ्या घरातून स्लॅबखाली जाणं ही मोठी गोष्ट आहे.

या स्लॅबचा कार्बन बाहेरून कुठून येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यात चुनखडी आणि सिमेंट कारखाने आहेत. चुनखडी भाजली की 100 किलोमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळा. कोळशाच्या राखेच्या विटांनी हा भार थोडा हलका झाला. औष्णिक केंद्रांच्या आसपास बांधकामात राख वापरण्याची सक्ती 1999 च्या अधिसूचनेने केली, आणि या विटेला भट्टीही लागत नाही.

आता राहतानाचा हिशेब. मेमध्ये पारा 45 च्या वर, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. म्हणून घरोघर कुलर. दीडशे-दोनशे वॅटचा कुलर दहा तास चालला तर दीड-दोन युनिट. आपली वीज मुख्यतः कोळशाची. युनिटमागे ढोबळमानाने 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका घराच्या एका कुलरचा रोजचा किलोभर झाला. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रं आपल्याच उशाशी.

कायद्याने यातलं काय पाहिलं? 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, 2007 ची व्यापारी इमारतींची ऊर्जा-बचत संहिता. तिचा मारा 100 किलोवॅटच्या पुढे वीजभार असलेल्या मोठ्या इमारतींवर. निवासी घरांसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली. तिने छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली, जी आपल्याला हवीच होती. पण ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी. गावठाणात एवढी जागा वाड्यांनाच असते. 2022 च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आणल्या, उंबरठा मात्र पुन्हा 100 किलोवॅटच. राज्याला तो खाली आणता येतो, एवढीच फट.

गावात प्रत्यक्ष बदल आला तो वस्तूंमधून. 2015 च्या उजाला योजनेने एलईडी बल्ब स्वस्त केले. 2023 पासून पंख्यांना वीजबचत दाखवणारं स्टार लेबल सक्तीचं झालं. 75 वॅटच्या पंख्याचं काम कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा करतो, पण किंमत ऐकून माणूस जुन्याच पंख्याचं वाइंडिंग पुन्हा भरून आणतो. 2024 पासून सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर संचाला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. स्लॅबवर पॅनेल बसलं की वीज मिळते आणि त्याखालच्या भागाला सावलीही. टिनाखाली राहणाऱ्याचं तसं नाही: पातळ, जुन्या टिनाला पॅनेलचं वजन आणि वाऱ्याचा ओढा पेलत नाही, आणि सर्वांत जास्त तापतं ते त्याचंच घर.