पाणी-माती तपासणाऱ्या लॅबला एनएबीएल मान्यता: अर्जाआधी काय तयार हवं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याचं सांडपाणी असो की निपाणीकडच्या बोअरचं पाणी, रिपोर्टवर एनएबीएलचं (चाचणी आणि कॅलिब्रेशन लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह आहे का, हे आता गिऱ्हाईकच विचारतं. ही मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकावर मिळते. पण ती सरसकट लॅबला मिळत नाही. अर्जात लिहिलेल्या नेमक्या चाचण्यांना आणि पद्धतींनाच मिळते. म्हणून पहिल्या खेपेला यादी आखूड ठेवा, असं माझं मत. पाण्याचे आठ-दहा घटक नीट जमले की मातीकडे वळा.

लॅब खासगी असो, सरकारी असो, कॉलेजची असो की साखर कारखान्याच्या आतली, अर्ज करता येतो. तिला कायदेशीर ओळख मात्र हवी. कारखान्याच्या लॅबला निकालावर व्यवस्थापनाचा दबाव नाही, हेही दाखवावं लागतं.

अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत. नोंदणीचे कागद, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक पात्रता, उपकरणांची यादी, कार्यपद्धती हे सगळं लागतं. महापालिकेचा परवाना कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर जोडून ठेवा. तपासायला येणारा कुठल्याही राज्यातला असू शकतो. अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा अर्जाआधीच उरकून घ्या. शुल्काचा तक्ता संकेतस्थळावर असतो, भरायच्या दिवशी तोच बघा.

खरी कसोटी लागते ती मापनाच्या पुराव्यांवर. तराजूचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं वाचन प्रमाणित वजनांशी ताडून बघणं, मान्यताप्राप्त लॅबकडूनच हवं. दुकानदाराने दिलेला ‘तराजू ठीक आहे’ असा कागद चालत नाही. प्रमाणित संदर्भद्रव्याची (ज्यातल्या घटकाचं प्रमाण आधीच खात्रीने ठाऊक असतं, अशा द्रव्याची) बाटली घेतली तर तिचं प्रमाणपत्र आणि मुदत फायलीत हवी. शिवाय प्रावीण्य चाचणी: एकच नमुना अनेक लॅबना जातो आणि तुमचा आकडा इतरांशी ताडला जातो. तुमचा आकडा ठरलेल्या आकड्यापासून किती दूर आहे, हे सांगणारा झेड-स्कोअर उणे २ ते अधिक २ मध्ये असेल तर समाधानकारक. ३ किंवा त्यापलीकडे, अधिक असो वा उणे, गेला की कारण शोधून लिहावं लागतं.

अनिश्चिततेवर, म्हणजे निकाल किती कमी-जास्त असू शकतो यावर, बरेच जण अडखळतात. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार लिटरला १.० मिलिग्रॅम. तुमचा निकाल ०.९७ आणि अनिश्चितता ±०.०८, तर पाणी पास की नापास? असं ठरवण्याचा नियम आधीच लेखी ठेवून गिऱ्हाईकाला सांगायचा असतो. निकाल बघून नियम ठरवणं मानकात बसत नाही.

अर्ज मंजूर झाला की मूल्यमापक प्रत्यक्ष येतात. तुमच्या केमिस्टला समोर टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून रंग बदलेपर्यंतचं मापन) करायला लावतात. कडकपणाच्या चाचणीत लालसर रंग निळा कधी झाला, हे त्याच्या डोळ्यांनी ठरवायचं. मूल्यमापकांनी काढलेल्या त्रुटी ठरल्या मुदतीत दुरुस्त केल्या की प्रकरण एनएबीएलच्या समितीपुढे जातं.

मान्यता मिळाल्यावर चिन्ह फक्त यादीतल्या चाचण्यांच्या रिपोर्टवर वापरा. सही करणारा केमिस्ट नोकरी सोडून गेला तर ते लगेच एनएबीएलला कळवा. नव्या केमिस्टचं नाव मंजूर होईपर्यंत त्याच्या सहीने चिन्हाचा रिपोर्ट देऊ नका.