राज्यशास्त्राचा प्रारंभिक अभ्यास (कोल्हापूर)

राज्य, शासन, सत्ता, हक्क आणि न्याय या संकल्पनांची तोंडओळख करून देणारा बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा विषय. कोल्हापूर भागात तो मुख्यतः शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न कला महाविद्यालयांत शिकवला जातो. या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे येतात. विषय घेतल्याचे घरी कळले की ‘मग काय, पुढारी व्हायचंय?’ हा प्रश्न ठरलेला. प्रत्यक्षात घेणाऱ्यांपैकी अनेकांचा डोळा स्पर्धा परीक्षांवर असतो.

मराठीतून शिकणारा पहिल्यांदा अडतो तो शब्दापाशी. शिवरायांचे राज्य, महाराष्ट्र राज्य आणि राज्यशास्त्रातले राज्य या तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने राज्य म्हणजे भारत. महाराष्ट्र हे घटकराज्य. या घोळामुळेच काही प्राध्यापक ‘राज्यसंस्था’ म्हणण्याचा आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे. त्यात संविधानाचा अनुच्छेद १२ आणखी भर घालतो: मूलभूत हक्कांपुरते स्थानिक प्राधिकरणही ‘राज्य’ ठरते, म्हणजे कोल्हापूर महानगरपालिकासुद्धा. सरकार आणि शासन यांची गतही तशीच. सरकारी जीपवर ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी असते, ती निवडणुकीनंतर कोणी पुसत नाही; मुख्यमंत्री बदलला की ‘सरकार बदललं’ असे मात्र सगळेच म्हणतात.

लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व (वर दुसऱ्या कोणाची सत्ता नसणे) ही राज्याची चार अंगे पाठ करणे सोपे असते. ती समजायला कोल्हापूर संस्थानासारखे उदाहरण नाही. इथे प्रजा होती, सीमा आखलेल्या होत्या, दरबार होता, ‘करवीर सरकार’चे (करवीर म्हणजे कोल्हापूरच) गॅझेटही निघत असे. चौथे अंग मात्र नव्हते. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती होता आणि संस्थानावर ब्रिटिश प्रतिनिधीची नजर असे. तीन अंगे शाबूत असूनही संस्थान या व्याख्येत बसत नाही. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

सार्वभौमत्व नव्हते म्हणून अधिकार नव्हता, असा अर्थ काढला तर फसगत होते. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा हाच दरबार इंग्रजांच्या अधिसत्तेखाली होता. सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी आरक्षणाची मुभा देणारा संविधानातला अनुच्छेद १६(४) त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने आला. सार्वभौमत्व आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या एका आदेशावरून जितके उमगते, तितके ते व्याख्यांच्या यादीतून उमगत नाही.

विचारवंतांच्या भागात प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि कौटिल्याचे सप्तांग, म्हणजे राज्याची सात अंगे (स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड म्हणजे सैन्य, मित्र), यांची ओळख होते. इथल्या विद्यार्थ्याला त्यांच्याशेजारी मराठा राज्याचे मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ ठेवून वाचता येते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ करवीरच्या गादीशी निगडित आहे. किल्ले, आरमार, वतनदार, सावकार यांना कसे वागवावे हे त्यात सांगितले आहे. कौटिल्याच्या यादीतला ‘दुर्ग’ निव्वळ शब्द वाटत असेल, तर पन्हाळा शहरापासून फार लांब नाही.

सत्ता फक्त मंत्रालयात नसते, हे या जिल्ह्यात कोणाला शिकवावे लागत नाही. जिल्हा दूध संघाची, म्हणजे ‘गोकुळ’ची (स्थापना १९६३) निवडणूक घ्या. डेअरीला रोज दूध घालणारा शेतकरी तिथे थेट मत देत नाही. गावची दूध संस्था ठराव करून आपला एक प्रतिनिधी नेमते आणि तो ‘ठरावधारक’ मतदान करतो. राज्यसभेवरचे घटकराज्यांचे सदस्य आमदार निवडून देतात, त्याच अप्रत्यक्ष निवडणुकीच्या घाटाचे हे गावपातळीवरचे रूप. ठराव कुणाच्या नावाने करायचा यावरून गावात जे होते, ते वर्गात ‘सत्तासंबंध’ या जड नावाने शिकवतात. कागलच्या किंवा करवीर तालुक्यातल्या मुलाला ती ओळख घरातूनच असते. फक्त उत्तरपत्रिकेत ते लिहायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

न्यायमंडळाच्या प्रकरणात मात्र जुन्या नोट्स जपून वाचाव्यात. मुंबई उच्च न्यायालयाची नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी ही खंडपीठे सांगून त्या थांबतात. कोल्हापूरला खंडपीठ हवे म्हणून वकिलांनी आणि नागरिकांनी अनेक दशके आंदोलने केली. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे (फिरत्या पीठाचे) कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.