कार्ट भरलं, पण पैसे कुठे भरले?

ऑनलाइन दुकानात कार्टमध्ये वस्तू टाकणाऱ्या दर १० जणांपैकी साधारण ७ जण पैसे न भरताच निघून जातात. बेमार्ड इन्स्टिट्यूट या डॅनिश संस्थेने अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली ही सरासरी. आकडा ऐकून दुकानदाराच्या पोटात गोळा येतो खरा, पण यातले बरेच जण त्या घडीला गिऱ्हाईक नसतातच. कुणी किमती ताडून पाहत असतं, कुणी वस्तू पुढे कधीतरी घेऊ म्हणून ठेवून देतं.

खरा प्रश्न घ्यायचंच म्हणून आलेल्यांचा. २००७ साली मेंदूचे अभ्यासक ब्रायन नटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एफएमआरआय या मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात झोपवून खरेदी करायला लावली. हवीशी वस्तू दिसली की मेंदूतल्या न्यूक्लिअस अक्युम्बन्स या भागाची हालचाल वाढे. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला या दुसऱ्या भागाची. शारीरिक वेदना आणि किळस जाणवते तेव्हाही हाच इन्सुला कामाला लागतो. म्हणूनच शेवटच्या पानावर अचानक उगवलेलं डिलिव्हरी शुल्क एवढं झोंबतं: मनाने आधीचा आकडा कबूल केलेला असतो, वरची रक्कम लुबाडल्यासारखी वाटते. बेमार्डच्या पाहण्यांत खरेदी सोडण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण डिलिव्हरीसारखे वरचे खर्च जास्त असणं हेच आहे. सक्तीने खातं उघडायला लावणं हेही मुख्य कारणांपैकी एक.

कार्ट सोडून गेलेल्यांना दुकानदार आठवणीचा ईमेल पाठवतात, आणि परतलेल्या प्रत्येकाचं श्रेय त्या ईमेलला देऊन मोकळे होतात. इथे औषधांच्या चाचणीची रीत वापरायला हवी. कार्ट सोडणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला ईमेल, दुसऱ्याला काहीच नाही. समजा, ईमेल गेलेल्या १०० जणांतले १२ परतले आणि न गेलेल्या १०० जणांतलेही ९ आपसूक परतले. मग ईमेलची कमाई फक्त ३. ईमेलमध्ये सूट दिली असेल तर हिशेब आणखी बिघडतो, कारण ती बाराही जणांच्या पदरात पडते आणि त्यांतले नऊजण पूर्ण किंमत मोजायला तयार होते. शिवाय गिऱ्हाईक शिकतं. दोनदा अशी सूट मिळाली की तिसऱ्यांदा ते कार्ट भरून मुद्दाम निघून जातं नि ईमेलची वाट पाहत बसतं.

त्यामुळे पहिल्या ईमेलमध्ये सूट नकोच, असं मला वाटतं. लिंक दाबताच भरलेलं कार्ट जसंच्या तसं उघडावं, सगळे खर्च धरून एकूण रक्कम वरच दिसावी आणि खातं न उघडता पैसे भरता यावेत. सूट द्यायचीच तर तीही आधी दोन गटांवर ताडून पाहावी.